कपॅसिटर टाका, ताई!

आमच्या गोराईत विद्वानांना तोटा नाही. खाडीचं वारं लागतं म्हणून असेल, नाहीतर बोरिवली स्टेशनपर्यंतच्या बसमध्ये चिंतनाला भरपूर वेळ मिळतो म्हणून असेल, पण इथे ज्याला त्याला प्रत्येक बिघाडाचं मूळ कारण ठाऊक असतं. आणि ते कारण कधीही त्याच्या स्वतःच्या घरात सापडत नाही. पाणी गढूळ आलं, पालिका जबाबदार. पोरगा आपटला, पेपर काढणारा जबाबदार. आणि माझ्या टेबलावरच्या ब्रेडबोर्डला जोडलेल्या स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ असा अखंड नाद सुटला, की वीज जबाबदार.

‘ताई, आपल्याकडची वीजच अशुद्ध.’

हे वाक्य मला शेजारच्या काकांनी ऐकवलंय, मावसभावाने ऐकवलंय आणि पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही ऐकवलंय. त्यातल्या त्यात पंखेवाल्याने ते जरा नम्रपणे सांगितलं. अशुद्ध म्हणजे काय हो? विजेला सोयर आलंय की सुतक?

मी फावल्या वेळात छोटी ऑडिओ सर्किटं बनवते. मायक्रोफोनचा प्रीॲम्प, एलएम३८६ चा इवलासा ॲम्प्लिफायर, जुन्या कॅसेट ऐकायला काहीबाही. भोकाभोकांची ती पांढरी पाटी, तिच्यात वायरी खुपसायच्या, सोल्डरिंगची भानगड नाही, आणि चुकलं की उपटून पुन्हा. छंद निरुपद्रवी आहे. उपद्रव आहे तो सल्ल्यांचा. कारण ‘वीज अशुद्ध’ या निदानापाठोपाठ औषधही ठरलेलं असतं: ‘एक कपॅसिटर टाका, जाईल.’

कुठला? कुठे? किती मायक्रोफॅरडचा? असले क्षुद्र प्रश्न विचारायचे नसतात. टाका म्हणजे टाका. मग भाविक मंडळी ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोडवर जातात (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात मात्र अजून लॅमिंग्टन), काउंटरवर ‘एकशे चार द्या’ म्हणतात आणि पिवळट-तपकिरी चकत्यांची पुडी घेऊन परत येतात. एकशे चार म्हणजे दहापुढे चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. तो बोर्डावर सापडेल त्या भोकात खुपसला जातो. घरघर तशीच. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी बोर्डावर चकत्यांची आरास होते, घरघर तशीच राहते, आणि निष्कर्ष निघतो की आपल्याकडची वीज फारच अशुद्ध.

आता शाळेतलं गणित करू. घरघर सेकंदाला १०० आवर्तनांची आहे असं धरा. तिला ग्राउंडकडे पळून जायला हा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जी वाट देतो, तिचा अवरोध सुमारे १६ हजार ओम! कोण जाईल त्या वाटेने? त्याच जागी १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असता तर हाच आकडा १.६ ओम झाला असता. दहा हजार पटींचा फरक, आणि आपण मात्र ‘एक कपॅसिटर’ म्हणतो. एकशे चारची बदनामी मला करायची नाही. चिपच्या पायांना अगदी लागून बसवला, तर मेगाहर्ट्झमधली चुळबुळ तो झकास आवरतो. तो त्या कामासाठीच जन्मलाय. पण त्याला घरघरीपुढे उभं करणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

मुळात कुणी आधी ऐकतच नाही. ऑडिओचा छंद आणि ऐकायचा कंटाळा, असा हा दुर्मिळ योग.

ऐका ना! भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. ब्रिज रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे भाग एकाच बाजूला वळवतो, त्यामुळे त्याच्यामागे जी घरघर उरते ती १०० ची असते. दोन स्वरांत बरोबर एका सप्तकाचं अंतर. मोबाइलवर स्वर वाजवणारं एखादं फुकट ॲप घ्या, हेडफोन लावा (तळहाताएवढ्या स्पीकरला ५० धड वाजवताच येत नाही), आणि ताडून बघा. ब्रिज असूनही ५० असेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टरला शिव्या घालू नका. तो स्वर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून, भिंतीतल्या वायरिंगमधून किंवा अर्थच्या वेटोळ्यातून घुसलाय. १०० असेल तर रेक्टिफायरकडे बोट दाखवायला हरकत नाही. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हलवला की बदलणारी खरखर असेल, तर तो रेग्युलेटरच. बारीक शीळ किंवा चिरचिर असेल, तर बाजूला लावलेला कुणाचातरी मोबाइल चार्जर. एवढं निदान करायला लागणारं यंत्र निसर्गाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोफत बसवून दिलेलं आहे. पण फुकट मिळालेल्या यंत्रावर विद्वानांचा विश्वास नसतो.

आणि विद्वान काय कमी शिकलेले आहेत? अभियांत्रिकीच्या कुठल्याही पदवीधराला झोपेतून उठवून रिपल फॅक्टर, म्हणजे रेक्टिफायरनंतर किती घरघर उरते त्याचा आकडा, विचारा. हाफ वेव्ह १.२१, फुल वेव्ह ०.४८. जांभई न थांबवता सांगेल. तोंडी परीक्षांमधून ही संथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. गंमत अशी, की हे दोन्ही आकडे फिल्टर कपॅसिटर न लावलेल्या, उघड्यावाघड्या रेक्टिफायरचे आहेत. म्हणजे जो पॉवर सप्लाय ऑडिओसाठी कुणी शहाणा माणूस वापरणार नाही, त्याची कुंडली तोंडपाठ. आणि जो वापरायचा, त्याच्याबद्दल गुळणी. त्याचं सूत्र बसच्या तिकिटामागे मावेल: सर्किट ओढतं तो करंट भागिले कपॅसिटर, भागिले शंभर. सर्किट १०० मिलिअँपिअर ओढतंय, कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा आहे, तर व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा साधारण एक व्होल्टने वरखाली होणार. झालं. याला ना फूरियर लागत, ना प्रथम श्रेणी.

एक गृहस्थ (पदवीधर, अर्थातच) आपला ॲम्प्लिफायर पिशवीतून घेऊन माझ्याकडे आले. आल्या आल्या बजावलं, ‘सप्लायचा प्रश्न नाही बरं का, ७८०९ लावलाय. रेग्युलेटेड आहे.’ ‘रेग्युलेटेड’ हा शब्द त्यांनी ज्या भक्तिभावाने उच्चारला, त्याने मला उदबत्ती लावावीशी वाटली. चालू केलं. घूंऽऽऽ. स्वच्छ १०० चा स्वर, तानपुऱ्याची गरज नाही.

‘ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा?’

‘नऊचा. नऊ व्होल्ट हवेत ना!’

काय बिनतोड तर्क! आता हे जवळून बघा, कारण निम्म्या मुंबईच्या टेबलांवर हीच कथा चालू असते. नऊ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरच्या लाटेचं शिखर १२.७ व्होल्ट. त्यातले सुमारे १.४ ब्रिजमधले दोन डायोड खातात. उरले ११.३. हे झालं शिखर. वर सांगितल्याप्रमाणे दोन शिखरांच्या मधे एक व्होल्टची दरी, म्हणजे दरीच्या तळाशी १०.३. आणि ७८०९ ला बाहेर नऊ व्होल्ट द्यायचे तर आत त्याच्यापेक्षा दोनेक व्होल्ट जास्त, म्हणजे ११ च्या आसपास हवेत. मग तो बिचारा काय करणार? शिखरावर रेग्युलेटर असतो, दरीत नुसता तुकडा असतो. सेकंदाला शंभर वेळा गुडघे टेकतो आणि शंभर वेळा उठतो. संध्याकाळी घराघरांत एसी चालू होऊन २३० चे २१५ झाले की उठायचंही सोडून देतो. मल्टीमीटर मात्र सरासरी दाखवणारा, समंजस प्राणी. तो नऊच्या आसपासचा आकडा दाखवतो आणि पदवीधराला शांत झोप लागते. त्याच मल्टीमीटरचा खटका एसीवर फिरवला असता तर घरघर आकड्यात दिसली असती. पण खटका फिरवायचा कोणी?

गृहस्थांनी तोवर काय केलं होतं? रेग्युलेटरच्या पुढे ओळीने कपॅसिटर लावले होते. सगळे पुढे! मागची दरी बुजवायची कल्पना एकालाही शिवली नव्हती. वर ते आठ-दहा हजारांचा स्टॅबिलायझर घ्यायच्या विचारात होते. १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर लावला: शिखर १५.५, तळ १४.५, रेग्युलेटर खूश. घरघर गेली. गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे ट्रान्सफॉर्मर अशुद्ध होता.’ मी चहा टाकायला आत गेले.

दुसरं श्रद्धास्थान म्हणजे ग्राउंड. ‘ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट.’ कागदावर असतं. ब्रेडबोर्डवर ग्राउंड म्हणजे स्प्रिंगच्या चिमट्यांची, उड्या मारणाऱ्या वायरींची आणि सदिच्छांची एक रांग असते. प्रत्येक चिमट्याला थोडा रोध. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तो चिमटा वर्षभरात काळवंडतो, रोध वाढतो. बऱ्याच मोठ्या बोर्डांवर लाल-निळ्या रेघांच्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. तिथे रेघही तुटलेली दाखवतात, पण रेघेकडे बघायला वेळ कुणाला? सगळ्यांचे डोळे यूट्यूबकडे.

आता वाटेत एकूण ०.१ ओम आहे असं समजा. काहीच नाही, नाही का? पण रेक्टिफायर फिल्टर कपॅसिटरला सावकाश, समारंभपूर्वक भरत नसतो. लाटेच्या टोकावर क्षणभरच त्याला संधी मिळते आणि त्या क्षणात तो सरासरीच्या कित्येक पट करंट एकदम ओततो. हा लोंढा सेकंदाला शंभरदा त्या ०.१ ओममधून जातो. लोंढा अर्ध्या अँपिअरचा धरा. पन्नास मिलिव्होल्ट! आणि तुमच्या मायक्रोफोनचा सिग्नल? दोन-चार मिलिव्होल्ट. तुम्ही जर मायक्रोफोनचं ग्राउंड रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांच्या मधल्या भोकात खुपसलं असेल, तर तुमचं ‘शून्य’ तुमच्या गाण्यापेक्षा दहापटीने मोठ्याने गातंय. इथे फिल्टर कोणता लावणार? वीज डहाणूच्या औष्णिक केंद्रातून गंगाजलाने धुऊन आणली तरी हा आवाज जाणार नाही, कारण तो तुमच्या बोर्डावर, तुमच्या हाताने, तुमच्या वायरीत तयार होतोय.

उपाय एका वायरीचा. रेक्टिफायरची ऋण बाजू आधी मोठ्या कपॅसिटरच्या ऋण पायावर जाऊ द्या, आणि तिथून पुढे सगळ्यांची ग्राउंडं स्वतंत्र निघू द्या: पॉवर ॲम्पची एक, प्रीॲम्पची वेगळी. प्रीॲम्पला धन बाजूने देताना मधे १०० ओमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. १०० आवर्तनांची घरघर तिसाव्या हिश्शावर येते. प्रीॲम्प तीन मिलिअँपिअर ओढत असेल तर व्होल्टेज घटतं ०.३. दोन सुटे भाग, फारतर वडापावची किंमत. पण यात ‘सिस्टीम’ म्हणून मिरवण्यासारखं काहीच नसल्याने हा उपाय लोकप्रिय नाही.

एक जागा तर खास हसण्यासारखी. एकाच सप्लायवर ऑप-ॲम्प चालवायचा म्हणजे निम्मं व्होल्टेज लागतं, म्हणून लोक १० हजार ओमचे दोन रेझिस्टर एकावर एक लावून मधून ते काढतात. सप्लायवर घरघर असली तर? तीही निम्मी होऊन थेट इनपुटवर हजर! नंतर ऑप-ॲम्प तिला शंभरपट मोठी करतो. एवढा पाहुणचार जावयाचाही होत नाही. त्या मधल्या बिंदूवरून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड लावायचं सुचत नाही. कपॅसिटर इतर सगळीकडे लावून संपलेले असतात. कंडेन्सर माइकला करंट देणाऱ्या रेझिस्टरची तीच कहाणी. आणि एलएम३८६ चा सात नंबरचा पाय बनवणाऱ्यांनी खास ‘बायपास’ म्हणून काढून ठेवलाय. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावला की सप्लायची घरघर बरीच दबते. दहातल्या नऊ ब्रेडबोर्डांवर तो पाय लोंबकळत असतो. डेटाशीट वाचणं हे आपल्याकडे बाळबोध मानलं जातं.

माझी तपासायची रीत उघड आहे. व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. घरघर तरीही असेल तर चोर व्हॉल्यूमच्या पुढे आहे. गेली, तर मागे. मग इनपुट ग्राउंडला टेकवायचं. गप्प झालं तर तक्रार इनपुटच्या वायरीची. नाही झालं तर सप्लायची किंवा ग्राउंडची. त्यापुढे, जुन्या इअरफोनच्या वायरीला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून ठेवलाय, त्याचं टोक कमी व्होल्टेजच्या बाजूला बोर्डावर भोकाभोकाने फिरवते आणि ऐकते. सप्लायच्या पट्टीच्या या टोकाला कुजबुज, त्या टोकाला कोल्हेकुई, असं ऐकलं की मधला चिमटा पकडायला फार अक्कल लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा एकमेव नियम. आणि हाच नियम विद्वानांना झेपत नाही. ते एका दमात ट्रान्सफॉर्मर, केबल आणि स्पीकर बदलतात, आवाज गेला तर तिघांचेही गुण गातात.

‘पण मी बॅटरीवर लावून बघितलं, तरी आवाज आहे!’ असं एक जण विजयी मुद्रेने म्हणाला. बॅटरी कुठली? पॉवर बँक. अरे देवा. पॉवर बँकेत ३.७ व्होल्टचा सेल असतो आणि त्याचे पाच करायला आत एक स्विचिंग कन्व्हर्टर तडतडत असतो. तुमचं सर्किट कमी करंट ओढत असेल तर बरेचसे कन्व्हर्टर सलग काम न करता थांबून थांबून झटके देतात, आणि ते झटके थेट कानाच्या टप्प्यात येतात. म्हणजे अशुद्ध विजेपासून पळून हा पठ्ठ्या त्याहून गोंगाटी खोलीत शिरला. नऊ व्होल्टची साधी बॅटरी लावा, मग बोला.

तिच्यावरही कधी घरघर येते, आणि तिथे गोष्ट खरी रंगते. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. माझ्या टेबलावर बॅटरीवरचा प्रीॲम्प हेडफोनमध्ये बारीक घरघरत होता. बॅटरीवर, म्हणजे भिंतीशी वायरीचा काही संबंध नाही. पंखा थांबला, आणि त्याच क्षणी घरघरही थांबली. वीज आली, घरघर आली. आता बोला! जी वीज सर्किटमध्ये शिरलेलीच नव्हती तिची घरघर कुठून येत होती? हवेतून. घरातल्या वायरिंगचं विद्युतक्षेत्र इनपुटच्या उघड्या, वीतभर वायरीवर बसत होतं; इनपुटचा रोध दहा लाख ओम, त्यामुळे तिथे काहीही येऊन बसू शकतं. सप्लायमध्ये जगातले सगळे फिल्टर ओतले तरी हिला ढिम्म फरक पडला नसता. वायर आखूड केली, सर्किट बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, डबा ग्राउंडला जोडला. शांतता. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘कुठल्या कंपनीचा डबा?’

बाहेरच्या कारणांची हौस तर विचारू नका. २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रो २अ सुरू झाली तेव्हापासून गोराईतली प्रत्येक घरघर मेट्रोच्या नावावर जमा आहे. मेट्रो रात्री झोपते हो. तुमची घरघर रात्री दोनला कोण वाजवतं? त्यातही एक पंथ आहे सोनेरी केबलवाल्यांचा. भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची दीड मीटर वायर हजारो रुपयांची, सापासारखी जाड, टोकांना सोन्याचा मुलामा. त्याने म्हणे विजेतला ‘गढूळपणा’ जातो. त्या सॉकेटमागे इमारतीतली जुनी वायर, त्यामागे मीटरच्या खोलीतला गंजका कटआउट, त्यामागे जमिनीतली केबल, सबस्टेशन आणि शेकडो किलोमीटरचं जाळं. एवढ्या सगळ्यातून आलेला करंट शेवटच्या दीड मीटरमध्ये संत होतो, यावर ज्याचा विश्वास आहे त्याच्याशी वाद घालू नये. त्याला जमीन विकावी.

खरे ऐकणारे कसे वागतात ते बघायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ‘जीएमआरटी’ दुर्बीण तिथे आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि ऐकायचं काय, तर अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी. महाराष्ट्रात याहून हळू आवाज कुणी ऐकत नसेल. त्यांनाही विजेचा त्रास होतोच. आसपासच्या वीजवाहिन्यांच्या खांबांवर ढिल्या जोडांमध्ये, खराब इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या उडतात, प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी फेकते, आणि हे सगळं विजेच्या ५० आवर्तनांच्या तालावर. मग या लोकांनी काय केलं? ‘जुन्नर तालुक्यातली वीज अशुद्ध’ असं म्हणून सोन्याची केबल मागवली? ते अँटेना घेऊन ठिणगी टाकणारा खांब शोधतात, वीज कंपनीकडून तो जोड आवळून घेतात, आणि तरीही जे उरतं ते सिग्नलमधून वेगळं काढायचं तंत्र त्यांनी स्वतः विकसित केलंय. आधी खांब, मग फिल्टर. आपल्याकडे मात्र बोर्डावरची एक वायर हलवायची तर अस्मिता आडवी येते.

पूर्ण शांतताच हवी असेल तर जेटीवर जा आणि होडीने खाडी ओलांडा. पलीकडे विपश्यना पॅगोडाच्या बिनखांबी घुमटाखाली आठ हजार माणसं एकत्र गप्प बसू शकतात. शेजारी एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून तीसेक वर्षं किंचाळत होतं. दोघांचं कधी भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. आणि होडीतून जाताना इंजिन नीट ऐका. जुन्या बॅटरीवर चालणारा मोठ्या गेनचा ॲम्प्लिफायर कधीकधी हुबेहूब तसाच फट्‌-फट्‌-फट्‌ करतो. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, पॉवर ॲम्पने करंट ओढला की सगळ्यांचं व्होल्टेज खचतं, प्रीॲम्पला तो सिग्नल वाटतो, तो त्याला मोठा करून परत पॉवर ॲम्पकडे पाठवतो, आणि चक्र सुरू. वर सांगितलेला १०० ओम आणि ४७० मायक्रोफॅरड इथेही चालतो. बॅटरी ‘शुद्ध’ असते म्हणणाऱ्यांना हा आवाज भेट म्हणून पाठवायला हवा.

इथवर सगळं हसण्यावारी न्यायला माझी हरकत नाही. वीज अशुद्ध म्हणा, मेट्रोला शिव्या घाला, दीड मीटर सोनं विकत घ्या. पैसे तुमचे, कान तुमचे. पण एका उपायावर मला हसू येत नाही. गणपतीच्या दिवसांत मांडवात मिक्सर एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या घरातून ओढलेल्या वायरीवर, दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या वाटेने येतं आणि सिग्नलच्या केबलमधून त्यांचं वेटोळं पूर्ण होतं. स्पीकरमधून घरघर. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणणारा तज्ज्ञ पुढे होतो, पक्कड काढतो आणि ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापतो. घरघर बंद. टाळ्या. त्या क्षणापासून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला पृथ्वीशी जोडणारी स्वतःची वाट गेलेली असते; उरते ती फक्त सिग्नलच्या बारीक केबलमधून मिक्सरकडे, म्हणजे पोराच्या ओल्या हातातल्या माइककडेच, जाणारी. आत एखादी वायर सुटून पेटीला लागली तर फ्यूज उडेलच याची खात्री नाही. ती केबल निघाली किंवा जळली, की जो हात लावेल त्याच्यातून २३० व्होल्ट वाट काढतील. वर भाद्रपदातला पाऊस, खाली चिखल.

आणि हे करायची गरज नसते, हा त्यातला संताप आणणारा भाग. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तर बऱ्याचदा काम तिथेच संपतं. नाही संपलं, तर सिग्नलच्या केबलमध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. लॅमिंग्टन रोडवर मिळतो, मुठीत मावतो, आणि वेटोळं तोडतो ते सिग्नलचं, जिवाचं नाही. लॅपटॉपच्या अर्थ पिनेचं आणि घरातल्या ॲम्प्लिफायरच्या अर्थ पिनेचं हेच. घरघर ही तक्रार आहे, अर्थ हे संरक्षण आहे. तक्रार बंद करायला संरक्षण कापणाऱ्याला तज्ज्ञ म्हणत असाल तर माझ्याकडून एक एकशे चारची पुडी त्याला बक्षीस.

तेव्हा हे वाचून झालं की घरातले, मंडळातले, कॉलेजच्या लॅबमधले प्लग उलटून बघा. तीन पिनांच्या जागी दोनच दिसल्या, वरची जाडी पिन कापलेली दिसली, तर तो प्लग आजच काढून फेका, नवा लावा, आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग येतंय का ते वायरमनकडून तपासून घ्या. घरघरीचं नंतर बघू. ती कुठे जात नाही.